धाडस, धोका आणि गाव : ग्रामीण किशोरवयीनांच्या सुरक्षिततेच्या चर्चेचा आढावा

वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर काही बातम्या दरवर्षी येतात आणि त्यांचा साचा फारसा बदलत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शेततळ्यात पोहायला उतरलेली दोन भावंडे बुडतात. साखर हंगामात ट्रिपल सीट निघालेल्या मुलांची दुचाकी उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळते. पावसाळ्यात धबधब्याच्या काठावर फोटो काढताना पाय घसरतो. रात्रीची लाइट असल्यामुळे शेतात मोटर चालू करायला गेलेल्या मुलाला विजेचा धक्का बसतो.

सुटी वाचली तर प्रत्येक बातमी त्या त्या घरावर कोसळलेली आपत्ती असते. सगळ्या एकत्र ठेवल्या की प्रश्न मोठा होतो. गावातली किशोरवयीन मुले धोका का पत्करतात आणि तो त्यांच्या जिवावर बेतू नये यासाठी काय करता येते? मानसशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, कायदा आणि ग्रामविकास अशा चारही बाजूंनी यावर विचार झाला आहे, पण या चौघांचे एकमेकांशी बोलणे क्वचितच होते. त्या विचारांची मांडणी करणे, कोणत्या बाजूचे म्हणणे कशावर उभे आहे ते पाहणे आणि काय ठरायचे बाकी आहे ते नोंदवणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षांच्या व्यक्तीला किशोरवयीन मानते. इथे भर आहे तो साधारण तेरा ते अठरा या वयावर आणि ग्रामीण महाराष्ट्रावर. आत्महत्या हा वेगळ्या गांभीर्याने हाताळायचा विषय असल्यामुळे तो या आढाव्याबाहेर ठेवला आहे.

प्रश्नाचा आकार

२०११च्या जनगणनेनुसार भारतात किशोरवयीनांची संख्या सुमारे २५ कोटी होती आणि त्यातले बहुसंख्य खेड्यांत राहत होते. जगभरात ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. यांपैकी सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले आणि एकूण मृतांत दुचाकीवरच्यांचा वाटा ४४.५ टक्के होता. ग्रामीण भागातल्या मृत्यूंत गावांजवळून जाणाऱ्या महामार्गांवरचे अपघातही धरलेले असतात, म्हणून हा सगळा आकडा गावकऱ्यांचाच आहे असे मानता येत नाही. पण शहरांतल्या गर्दीच्या रस्त्यांपेक्षा मोकळे रस्ते अधिक जीवघेणे ठरतात, एवढे त्यातून स्पष्ट होते.

बुडण्याचे चित्रही असेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत अलीकडच्या वर्षांत बुडून झालेल्या मृत्यूंची संख्या पस्तीस हजारांच्या वर राहिली आहे. मात्र हे अहवाल पोलिसांकडच्या ‘आकस्मिक मृत्यू’च्या नोंदींवर बेतलेले असतात. मुलगा पोहताना बुडाला, जनावरे धुताना की पाणी काढताना, हे त्यांतून कळत नाही. त्यांतला वयोगट १४ ते १८ असा आहे, तर आरोग्य खात्याचा १० ते १९, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. शिवाय हात तुटला, पाठीचा कणा दुखावला, डोळा गेला पण जीव वाचला, असे अपघात या हिशेबात येतच नाहीत. घरोघर जाऊन मृत्यूचे कारण विचारणाऱ्या ‘मिलियन डेथ स्टडी’ या देशव्यापी अभ्यासात रस्ते अपघातांतील मृत्यू पोलिसी आकड्यांहून बरेच अधिक निघाले होते. पुढची सगळी चर्चा अशा अपुऱ्या नोंदींच्या आधाराने चालते, हे लक्षात ठेवलेले बरे.

पार्श्वभूमी

किशोरवय म्हणजे वादळाचा काळ ही कल्पना अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४च्या आपल्या ग्रंथात मांडली. मार्गारेट मीड यांनी १९२८मध्ये सामोआ बेटांवरच्या मुलींविषयी लिहून तिला आव्हान दिले. हे वादळ सार्वत्रिक नाही, समाजाने घडवलेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मीड यांच्या निरीक्षणांवर डेरेक फ्रीमन यांनी १९८३मध्ये आक्षेप घेतले आणि तो वाद बराच काळ चालला. दरम्यान १९७०च्या दशकात रिचर्ड जेसर यांनी दारू, तंबाखू, बेफाम गाडी चालवणे, शाळा बुडवणे ही वर्तने एकमेकांत गुंतलेली असतात आणि त्यांच्यामागे घर, मित्र व परिस्थिती असे अनेक धागे असतात, असा सिद्धांत मांडला. आजच्या भूमिकांची मुळे या जुन्या वादांत सापडतात.

आपल्याकडे किशोरवय हा स्वतंत्र टप्पा म्हणून धोरणात उशिरा आला. गावात मुलगा कळता झाला की कामाला लागे आणि मुलीचे लग्न होई, त्यामुळे दोहोंमधला काळ जवळपास उरतच नसे. शाळेची वर्षे वाढली, लग्नाचे वय पुढे सरकले आणि हा टप्पा लांबला. जानेवारी २०१४मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाने पोषण, लैंगिक आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसने आणि असंसर्गजन्य आजार यांच्या जोडीला ‘इजा आणि हिंसा’ हाही विषय घेतला. महाराष्ट्रातली मैत्री क्लिनिक याच व्यवस्थेचा भाग आहेत. प्रत्यक्षात त्यांच्या कामाचा भर पोषण, रक्तक्षय आणि पाळीच्या आरोग्यावर राहिला. इजांचा विषय कागदावर आहे, पण त्यासाठी गावपातळीवर नेमके काय करायचे हे फारसे आकाराला आलेले नाही.

याच काळात गावही बदलले. घरोघरी दुचाकी आली. २०००पासून पंतप्रधान ग्रामसडक योजनेने वाड्यावस्त्या डांबरी रस्त्याला जोडल्या. अकरावी-बारावीसाठी तालुक्याला रोज ये-जा सुरू झाली. २०१६मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि रानोमाळ प्लॅस्टिकच्या कागदाचे तलाव दिसू लागले. हातात स्मार्टफोन आला. सूरपारंब्या खेळणारी, विहिरीत मुटका मारणारी मुले पूर्वीही होती. त्या धाडसाच्या आजूबाजूची साधने आणि जागा मात्र एका पिढीत पालटल्या.

पहिली भूमिका : वयाचा आणि मेंदूचा प्रश्न

या भूमिकेनुसार धोका पत्करणे हा त्या वयाचा स्वभाव आहे. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७मध्ये म्हटले की, या वयात सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटते आणि इतरांना होते ते आपल्याला होणार नाही अशी समजूत असते. लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००८च्या सुमारास याला मेंदूविज्ञानाची जोड दिली. थरार आणि बक्षिसाकडे ओढणारी यंत्रणा वयात येताना लवकर तापते, तर मनाला आवर घालणारी यंत्रणा विशीच्या मध्यापर्यंत पिकत राहते. अॅक्सिलरेटर आधी बसवला आणि ब्रेक नंतर आले, अशी ही अवस्था. मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५च्या प्रयोगात संगणकावर गाडी चालवण्याच्या खेळात एकटी असताना सांभाळून वागणारी किशोरवयीन मुले मित्र शेजारी बसताच कितीतरी अधिक धोका पत्करू लागली. प्रौढांवर मित्रांच्या उपस्थितीचा असा परिणाम जवळपास दिसला नाही. ट्रिपल सीट जाणाऱ्या दुचाकीचा विचार करताना हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो.

हे निष्कर्ष पाश्चात्त्य मुलांपुरते आहेत का, हे तपासण्यासाठी भारतासह अकरा देशांतल्या १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींचा अभ्यास झाला आणि २०१८मध्ये त्याचे निष्कर्ष आले. थराराची ओढ एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास शिखर गाठते आणि आत्मनियंत्रण त्यानंतर काही वर्षांनी स्थिरावते, हा क्रम बहुतेक देशांत सारखा निघाला. पण याच प्रकल्पातून आणखी एक गोष्ट पुढे आली. चाचणीत दिसणारी ओढ देशोदेशी सारखी असली, तरी प्रत्यक्ष जीवनातले धोकादायक वर्तन देशागणिक बरेच बदलते. मुलाला संधी कोणती मिळते आणि समाज काय चालवून घेतो, यावर ते अवलंबून असते.

या भूमिकेवर आक्षेपही आहेत. व्हॅलरी रेना यांच्या संशोधनानुसार किशोरवयीनांना धोका कळत नाही हे खरे नाही. कित्येकदा ती धोक्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्तच करतात. पण मिळणारा आनंद मोठा आणि बिघडण्याची शक्यता लहान, असा हिशेब मांडून पुढे जातात. प्रौढ माणूस हिशेबात पडत नाही, अनुभवाने तो ‘हे करायचेच नाही’ असे थेट ठरवतो. दुसरा आक्षेप असा की, सगळे मेंदूवर ढकलले की गावाने, रस्त्याने, पाण्याने काय केले याचा विचार मागे पडतो.

दुसरी भूमिका : परिस्थितीचा प्रश्न

सार्वजनिक आरोग्य आणि अपघात-प्रतिबंधाच्या अभ्यासकांचा कल या बाजूला आहे. मुले चुका करणारच हे त्यांनी गृहीत धरलेले असते. चुकीची शिक्षा मृत्यू असावी की खरचटणे, हे भोवतालच्या रचनेवर ठरते, असे ते म्हणतात. ग्रामीण महाराष्ट्रात याची उदाहरणे पावलोपावली आहेत.

विहीर आणि शेततळे यांचीच तुलना पाहावी. जुन्या बांधीव विहिरीला पायऱ्या किंवा कपारी असत, काठावर माणसांचा वावर असे आणि पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, सुका भोपळा किंवा डबा बांधून काका-मामा मुलांना पोहायला शिकवत. शेततळे गावापासून दूर, रानात एकाकी असते. उतारावर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद शेवाळाने बुळबुळीत होतो. तीन मीटर खोल पाण्यात उतरलेल्या मुलाला पोहता येत असले तरी वर चढता येत नाही, आणि त्याला ओढायला गेलेला दुसराही आत घसरतो. एकाच वेळी दोन-तीन भावंडे दगावल्याच्या बातम्यांमागे बहुधा हे कारण असते. कोकणात आणि गोव्यात चिरे काढून सोडून दिलेल्या खाणी पावसाळ्यात भरतात, तिथेही हाच प्रकार घडतो. गोव्याच्या समुद्रकिनाऱ्यांवर २००८पासून जीवरक्षकांची व्यवस्था आहे, पण आतल्या गावांतल्या अशा पाणवठ्यांवर राखण करणारे कोणी नसते.

विजेचे उदाहरणही असेच आहे. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते आणि काही दिवस ती रात्रीच असते. घरातला धडधाकट मुलगा मग काळोखात, चिखलातून मोटर चालू करायला किंवा डीपीवर फ्यूज टाकायला जातो. यात त्याचे धाडस किती आणि घरची गरज किती, हे वेगळे काढता येत नाही. २०१७मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३मध्ये विस्तारलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा वीज देणे हा आहे. ती सुरक्षिततेची योजना म्हणून कोणी मांडत नाही, पण परिणामाने ती तशीही ठरू शकते.

दुचाकीचेही तेच. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्यासाठी स्वतंत्र बस दिल्या गेल्या, एसटीत बारावीपर्यंतच्या मुलींना मोफत पासही आहे. मुलांसाठी सवलतीचा पास असतो, पण शाळेच्या वेळेला बस असेलच याची खात्री नसते. सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती वडिलांची गाडी जाते, त्यात हौस असते आणि सोयही असते.

यंत्रांच्या बाबतीत हरियाणातल्या खेड्यांत आयआयटी दिल्लीच्या अभ्यासकांनी केलेले काम उल्लेखनीय आहे. कडबाकुट्टीत बोटे आणि हात जाण्याच्या घटनांत मुलांचे प्रमाण लक्षणीय असल्याचे पाहून त्यांनी यंत्रालाच साधे संरक्षक भाग सुचवले. मुलांना ‘लांब राहा’ सांगत बसण्यापेक्षा यंत्र बदलणे सोपे, हा त्यामागचा विचार. स्वीडनने १९५९मध्ये नव्या ट्रॅक्टरांना चालकाभोवतीची संरक्षक चौकट सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे जवळपास थांबले. आपल्याकडे अशी चौकट शेतावर क्वचितच दिसते.

या भूमिकेची मर्यादा अशी की, सगळे शिवार कुंपणात बांधता येत नाही. आणि रस्ता सुधारला की वेगही वाढतो, त्यामुळे एक धोका घटून दुसरा उभा राहू शकतो.

तिसरी भूमिका : धोक्यातूनच शहाणपण येते

शेतकरी कुटुंबांत आणि खेळाच्या अभ्यासकांत ही भूमिका वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. बैल धरल्याशिवाय बैल कळत नाही, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. नॉर्वेच्या एलन सँडसेटर यांनी २००७मध्ये मुलांच्या धोकादायक खेळाचे सहा प्रकार सांगितले : उंची, वेग, धारदार अवजारे, पाणी-आग यांची जवळीक, झटापट आणि एकट्याने दूर जाणे. अशा खेळातून मुलांना स्वतःची मर्यादा कळते आणि भीती आटोक्यात येते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे सहाही प्रकार खेड्यातल्या मुलाला न मागता मिळतात. मात्र त्यांचा अभ्यास लहान मुलांचा आणि बालवाडीच्या अंगणातला होता. तो १०० सीसीच्या मोटारसायकलला किंवा थ्री-फेजच्या स्टार्टरला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

घरच्या शेतावरच्या कामाचा वाद इतर देशांतही सुटलेला नाही. अमेरिकेत २०११मध्ये शेतावर कामाला ठेवलेल्या मुलांना धोकादायक कामांपासून दूर ठेवणारे कडक नियम प्रस्तावित झाले. शेतकरी संघटनांनी, पिढीजात शिक्षण मोडेल, असा विरोध केला आणि एप्रिल २०१२मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. त्याआधी १९९९मध्ये तिथे एक मधला मार्ग निघाला होता. कोणते शेतकाम मुलाच्या कोणत्या क्षमतेला झेपते आणि किती देखरेखीखाली करू द्यावे, हे पालकांना सांगणारी मार्गदर्शिका तयार झाली. आपल्याकडे २०१६मध्ये दुरुस्त झालेला बालमजुरी कायदा १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक उद्योगांत मनाई करतो आणि चौदाखालच्या मुलांना शाळेनंतर घरच्या बिनधोक कामात मदत करू देतो. बांधावर बिनधोक काय हे पाहणारी यंत्रणा मात्र नसल्यात जमा आहे.

परंपरेतल्या धाडसावरचे वादही इथेच येतात. दहीहंडीच्या थरांची उंची आणि गोविंदांचे वय यांवर २०१४पासून न्यायालयांत खल झाला. २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर बंधन घातले नाही आणि चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी करणार नाही ही राज्य सरकारची भूमिका मान्य केली. बैलगाडा शर्यतींवर २०१४मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या दीर्घ वादात केंद्रस्थानी बैलांवरची क्रूरता होती. घाटावर गाड्यापुढे धावणाऱ्या पोरांच्या सुरक्षिततेची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

चौथी भूमिका : कायदा आणि पालकांची जबाबदारी

मोटार वाहन कायद्यानुसार अठराव्या वर्षापर्यंत मोटारसायकलचा परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतच्या वाहनाची मुभा आहे, पण तशा गाड्या बाजारात जवळपास राहिल्याच नाहीत. २०१९च्या दुरुस्तीने आलेले १९९-अ हे कलम कडक आहे. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. मे २०२४मधील पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर या कलमाची चर्चा घराघरांत पोहोचली. पण त्या घटनेतला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या महागड्या मोटारीचा मामला आणि दूध घालायला डेअरीवर निघालेल्या मुलाची दुचाकी यांना एकच कलम लागते. हे योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत.

कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे असे की, अपघात झाल्यावर गरज-हौस असा भेद उरत नाही आणि पालकांना धाक बसल्याशिवाय किल्ली लपवली जाणार नाही. टीकाकार म्हणतात की, पर्यायी बस नसताना दंड केला तर कुटुंब कर्जात जाते आणि मुलगा आडवाटेने गाडी नेतो. तंबाखूच्या बाबतीत हाच पेच दिसतो. राज्यात २०१२पासून गुटखाबंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूविक्रीला मनाई आहे आणि बाल न्याय कायद्याच्या ७७व्या कलमानुसार मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तरीही २०१९च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखू वापरत असल्याचे सांगितले. कायदा कडक करून पुरत नाही, तो गावाच्या टपरीपर्यंत पोहोचावा लागतो, यावर मात्र दोन्ही बाजूंचे एकमत आहे.

मुलींच्या बाबतीत उलटा प्रश्न

वरची बहुतेक चर्चा मुलांना समोर ठेवून झाली आहे. मुलींच्या बाबतीत ‘सुरक्षितता’ हेच अनेकदा बंधनाचे कारण होते. वाट निर्जन आहे म्हणून शाळा सुटते, गावात चर्चा नको म्हणून फोन काढून घेतला जातो, आणि जबाबदारी एकदाची पार पडावी म्हणून लग्न उरकले जाते. ‘असर २०२३’ या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २०-२४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३.७ टक्के होते. आईबाप सहा महिने ऊसतोडीला गेल्यावर वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा तिथला खरा प्रश्न आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना त्यातूनच आली.

एका बाजूचे म्हणणे असे की, पालकांची भीती निराधार नाही, म्हणून वसतिगृह, बस, पोलिसांचे दामिनी पथक अशा व्यवस्था आधी हव्यात. दुसऱ्या बाजूच्या मते व्यवस्था येईपर्यंत मुलीचे बालपण संपते. बालविवाहातून येणारे बाळंतपणाचे आणि हिंसेचे धोके घराबाहेरच्या धोक्यांहून लहान नाहीत. प्रेमसंबंधांबाबत गुंता आणखी वाढतो. २०१२च्या पॉक्सो कायद्याने संमतीचे वय अठरा आहे, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या दोघांनी पळून जाणे हा थेट गंभीर गुन्हा ठरतो. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३च्या २८३व्या अहवालात हे वय कमी करू नये असे सांगितले, पण संमतीच्या अशा प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत काही मोकळीक असावी, असेही सुचवले. हा वाद अजून मिटलेला नाही.

उपायांविषयी काय ठाऊक आहे

काही उपायांचा पुरावा भक्कम आहे. अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीची सुमारे ६९ टक्के घटते. न्यूझीलंडने १९८७मध्ये टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आणली. सुरुवातीला रात्री आणि समवयस्क सोबत्यांसह गाडी चालवण्यावर बंधन असते, पुढे ते सैल होते. ही पद्धत स्वीकारलेल्या ठिकाणी नवशिक्यांचे अपघात घटले. बांगलादेशच्या खेड्यांत गावच्या तळ्यातच बांबूचा मंच उभारून ४ ते १२ वर्षांच्या मुलांना पोहणे आणि दुसऱ्याला सुखरूप वाचवणे शिकवले गेले, आणि शिकलेल्यांत बुडण्याचे प्रमाण फारच खाली आले. भारताच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधासाठी धोरणात्मक आराखडा जाहीर केला. त्याची गावपातळीवरची अंमलबजावणी अजून व्हायची आहे.

काही लोकप्रिय उपाय मात्र कमकुवत ठरले आहेत. शाळेतल्या वाहनशिक्षणाने तरुणांचे अपघात कमी होतात असा पुरावा परीक्षणांत मिळाला नाही. उलट मुले लवकर परवाना काढतात, असे दिसले. अमेरिकेत पोलिसांनी वर्गात येऊन व्यसनांविरुद्ध धडे देण्याच्या गाजलेल्या कार्यक्रमाचा टिकाऊ परिणाम अभ्यासांत आढळला नाही. नुसते भाषण, भीतिदायक चित्रफीत किंवा रस्ता सुरक्षा सप्ताहातली निबंधस्पर्धा यांच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही.

दीर्घकाळ चालणारे, संवादाचे कार्यक्रम यांहून वेगळे आहेत. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित मुलींसाठी वर्षभर रोज तासाभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग चालवला. त्या भागात मुलींच्या लग्नाचे मध्यक वय सोळावरून सतरावर गेले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी सुरू केलेल्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी ज्या विषयांवर घरात बोलले जात नाही ते मोकळेपणाने बोलता येतात, हे दाखवून दिले.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न माहितीचा. एका तालुक्यात वर्षभरात किती किशोरवयीन जखमी झाले, कुठे आणि काय करताना, हे सांगणारी नोंद नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, २०१४पासून चालणारी १०८ रुग्णवाहिका सेवा आणि पोलीस ठाणे यांच्याकडे तुकडे आहेत, ते जोडले जात नाहीत. दुसरा प्रश्न संशोधनाचा. मेंदूच्या प्रयोगांत भारतीय मुले आली, पण ती शेतात काम करणारी खेड्यातली मुले होतीच असे नाही. कामातला धोका आणि खेळातला धोका एकाच मुलाच्या आयुष्यात कसे मिसळतात, यावर मराठी मुलखातून फार थोडा अभ्यास आहे. तिसरा, वयाच्या रेषेचा. अठरा हे वय वाहन, विवाह, संमती, तंबाखू अशा सगळ्यांना सारखेच लावावे की टप्पे करावेत? चौथा, मोबाइलचा. २०११ ते २०१७ या काळात जगभरच्या बातम्यांतून सेल्फी काढताना झालेले २५९ मृत्यू एका अभ्यासात मोजले गेले आणि त्यांत भारत पहिला होता. पण रील बनवण्याच्या नादाने धोका वाढतो की आधीपासूनचाच धोका आता सर्वांना दिसतो, हे ठरवणे कठीण आहे. पाचवा, परिणामांचा. पोहणे शिकवल्यावर मुले अधिक वेळा पाण्यात उतरतील का, चांगला रस्ता आणि हेल्मेट मिळाल्यावर वेग वाढवतील का, याचे आपल्या भागातले उत्तर अजून कोणाकडे नाही.

आज चर्चा कुठे उभी आहे

चारही भूमिका एकमेकींना खोडून काढत नाहीत. थराराची ओढ वयाची आहे आणि ती देशोदेशी बरीचशी सारखी आहे. ती कुठल्या रूपाने बाहेर पडते हे समाज ठरवतो, आणि तिची किंमत किती मोजावी लागते हे पाणी, वीज, रस्ता आणि दवाखान्याचे अंतर ठरवते. मुलांचा स्वभाव बदलण्याच्या प्रयत्नांपेक्षा भोवताल बदलण्याच्या आणि देखरेखीखाली हळूहळू सराव देण्याच्या उपायांना आजवरच्या पुराव्याचा पाठिंबा अधिक आहे. कायद्याची गरज कोणी नाकारत नाही, पण पर्यायी व्यवस्थेशिवाय तो गावात टिकलेला दिसत नाही. मुलींच्या बाबतीत ‘सुरक्षितता’ आणि ‘संधी’ यांचा हिशेब एकत्र मांडायला अभ्यासकांनीही उशिराच सुरुवात केली आहे.

वादाचे मुद्दे सुटायला वेळ लागेल. काही गोष्टी मात्र त्यांवर अवलंबून नाहीत. प्रत्येक शेततळ्याला कुंपण, काठावर बांधलेला गाठींचा दोर आणि एक हवा भरलेली ट्यूब लागते. उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लागतो. शाळेच्या वेळेला एक बस लागते, आणि मुलांना पोहायला शिकवील असा गावातला एक जाणता माणूस लागतो. यांपैकी कशावरही तज्ज्ञांत मतभेद नाही. येत्या ग्रामसभेत आपल्या गावची शेततळी मोजून त्यांतल्या किती तळ्यांना दोर बांधला आहे, एवढे तरी वाचकांनी विचारावे.